ह्यूमन बायोकेमिस्ट्री आणि मॉलिक्युलर न्यूट्रिशन: अभ्यास नेमका कसा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा: या पदवीला प्रवेश मिळाला आहे, रसायनशास्त्र बरं आहे, गणिताची धास्ती आहे, आणि सीनियर सांगतात की सगळा घोकंपट्टीचा मामला आहे. अभ्यास कसा करायचा, सुरू होण्याआधी काय वाचायचं, आणि हे शिकून आहारतज्ज्ञ होता येतं का?

मी हा विषय शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं पोषणाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासण्यात गेली. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी पाठांतराचं बोलू. ते आहेच, नाही म्हणून चालणार नाही. वीस अमिनो आम्लं, ग्लायकोलिसिसच्या (ग्लुकोज फोडून पायरुव्हेट करण्याच्या) दहा पायऱ्या, क्रेब्स चक्राच्या (पेशीत ऊर्जा काढणाऱ्या रासायनिक फेऱ्याच्या) आठ, ब गटातली जीवनसत्त्वं आणि त्यांची कोएन्झाइमं (एन्झाइमला काम करायला लागणारे छोटे जोडीदार रेणू) ही बाराखडी आहे, ती आली पाहिजे. पण पहिल्या वर्षी नव्वद टक्के मिळवणारी मुलं दुसऱ्या वर्षी गडबडतात, हे मी दरवर्षी बघतो. दुसऱ्या वर्षी प्रश्नाची जात बदलते. ‘या एन्झाइमचं नाव काय’ असं कुणी विचारत नाही. ‘हे एन्झाइम बंद पडलं, तर या माणसाच्या रक्तात काय वाढलेलं दिसेल’ असं विचारतात. म्हणून प्रत्येक पायरी शिकताना तीन गोष्टी स्वतःला विचारायची सवय लावा. इथे गाडी अडली तर मागे काय साचेल? पुढे कशाचा तुटवडा पडेल? आणि कोणत्या अवयवाकडे दुसरी वाट नाही? एवढं जमलं की निम्मं पाठांतर आपोआप होतं, कारण नावांना काम मिळतं.

नुसतं सांगून हे पटणार नाही, म्हणून एकच जीवनसत्त्व घेऊ: थायमिन, म्हणजे ब१.

प्रौढ माणसाची गरज दिवसाला सव्वा मिलिग्रॅमच्या आतबाहेर. शरीरातला साठा साधारण ३० मिलिग्रॅम. म्हणजे पुरवठा तुटला तर काही आठवड्यांत त्रास सुरू. हे आकडे पाठ्यपुस्तकात एका चौकटीत असतात आणि विद्यार्थी ते तिथेच सोडून देतात. आता तीन प्रश्न लावू. थायमिनपासून बनणारं कोएन्झाइम, थायमिन पायरोफॉस्फेट, हे पायरुव्हेट डिहायड्रोजनेज या मोठ्या एन्झाइम-समूहाला लागतं. ग्लुकोज फुटून पायरुव्हेट झालं की क्रेब्स चक्रात शिरण्याचा दरवाजा हाच. दरवाजा बंद झाला की मागे पायरुव्हेट साचतं आणि ते लॅक्टेटकडे वळतं, म्हणून रक्तात लॅक्टेट वाढतं. पुढे तुटवडा असिटाइल कोएचा, म्हणजे चक्रात शिरणाऱ्या रेणूचा, पर्यायाने एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा. आणि दुसरी वाट कुणाकडे नाही? मेंदूकडे. स्नायूंना आणि हृदयाला मेदाम्लं जाळता येतात, मेंदू मात्र रोजच्या परिस्थितीत जवळजवळ सर्वस्वी ग्लुकोजवर चालतो. म्हणून थायमिनच्या कमतरतेत मेंदूची लक्षणं इतकी ठळक असतात. हृदय मेदाम्लं जाळू शकतं, मग बेरीबेरीत, म्हणजे थायमिनच्या कमतरतेच्या आजारात, तेही का बिघडतं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर शाब्बास. क्रेब्स चक्राच्या आतलं अल्फा-कीटोग्लुटरेट डिहायड्रोजनेजसुद्धा थायमिनवरच चालतं. मेदाम्लांची वाटही त्याच चक्रातून जाते, तेव्हा पळवाट अर्धीच.

१९३० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये रूडॉल्फ पीटर्स यांनी थायमिन न मिळालेल्या कबुतरांच्या मेंदूवर हेच दाखवलं. ऊतीची रचना शाबूत, पण ग्लुकोज पूर्ण जळत नाही. वर थायमिन घातलं की परीक्षानळीतच श्वसन सुधारतं. सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसण्याआधी रसायनात बिघाड झालेला असतो, ही कल्पना त्यातून आली. माझ्या मते या पदवीचा पायाच ती कल्पना आहे.

आता हीच गोष्ट रुग्णाच्या खाटेपाशी. १९९७ च्या सुमारास अमेरिकेत शिरेतून द्यायच्या मल्टिव्हिटॅमिनचा तुटवडा पडला. ज्यांचं सगळं पोषण शिरेतून चालू होतं अशा काही रुग्णांना ग्लुकोज मिळत राहिलं, थायमिन मिळेना. त्यांना तीव्र लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस झाला, म्हणजे लॅक्टेट साचून रक्त आम्लधर्मी झालं. वर रेखाटलेली आकृती डोक्यात असेल तर हे वाचताक्षणी कळतं: समोरचा दरवाजा बंद आणि मागून ग्लुकोजचा लोंढा. थायमिनची कमतरता असलेल्या माणसाला आधी थायमिन आणि मग, निदान त्याच्याबरोबरच, ग्लुकोज द्यायचं हा वैद्यकातला नियम पाठ करायची गरजच उरत नाही.

आणि प्रयोगशाळेत हे मोजायचं कसं? मला स्वतःला आवडणारी एक जुनी चाचणी आहे. लाल रक्तपेशींमध्ये ट्रान्सकेटोलेज नावाचं एन्झाइम असतं, त्यालाही थायमिन पायरोफॉस्फेट लागतं. नमुन्याचे दोन भाग करायचे. एकात एन्झाइमचा वेग जसा आहे तसा मोजायचा, दुसऱ्यात वरून कोएन्झाइम घालून मोजायचा. माणसाला थायमिन पुरेसं मिळत असेल तर वरून घातलेल्याचा फारसा फरक पडत नाही, सगळ्या खुर्च्या आधीच भरलेल्या असतात. वेग २५ टक्क्यांहून जास्त वाढला तर बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या असं समजायचं. रक्तात किती थायमिन आहे हे न विचारता ‘काम अडलंय का’ हे विचारणारी चाचणी! पोषणाच्या मोजमापात हा फरक सतत भेटेल.

असं एक जीवनसत्त्व तोंडापासून आतड्यापर्यंत, तिथून पेशीपर्यंत, एन्झाइमपर्यंत आणि परत रुग्णापर्यंत नीट लावलंत की ब२, ब३ आणि पँटोथेनिक आम्लाचं अर्धं काम झालेलं असतं. कारण त्या एकाच पायरुव्हेट डिहायड्रोजनेजला ही चारही जीवनसत्त्वं लागतात, शिवाय लिपोइक आम्ल. चार धडे वेगवेगळे वाचण्यापेक्षा हे बरं.

गणिताची भीती. खरं सांगायचं तर कॅल्क्युलस फार लागत नाही. लागतं ते प्रमाण, घातांक, लॉगरिदम आणि संख्याशास्त्र. मुलं अडतात ती एककांवर. मिली आणि मायक्रो यांची गल्लत म्हणजे हजारपट चूक, आणि ती मी पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडूनही झालेली पाहिली आहे. सराव म्हणून हे करून बघा. उपाशीपोटी रक्तातलं ग्लुकोज लिटरला ५ मिलिमोल. ग्लुकोजचा रेणुभार १८०. म्हणजे लिटरला ९०० मिलिग्रॅम, अर्थात डेसिलिटरला ९०. शरीरात रक्त साधारण ५ लिटर. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज साडेचार ग्रॅम, एक छोटा चमचा. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागतं. तेव्हा तो चमचा दिवसभर रिकामा होतोय आणि कुणीतरी तो सतत भरतंय. कोण भरतंय, हा प्रश्न पडला की यकृत, ग्लायकोजेन (साठवलेलं ग्लुकोज), इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन (इन्सुलिनच्या उलट काम करणारं संप्रेरक) हे धडे शिकायला कारण मिळतं. माझ्या विद्यार्थ्यांना हा हिशेब मी पहिल्या तासाला फळ्यावर करायला लावतो. मधुमेहाचा धडा त्यानंतर दीड वर्षाने येतो, पण चमचा लक्षात राहतो.

पाठ्यपुस्तकातल्या आकड्यांबद्दल एक सूचना. जुन्या पुस्तकांत एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी मिळतील, नव्यांत ३० ते ३२. छपाईची चूक नाही ती. मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यावरून प्रोटॉन परत येताना किती एटीपी बनतात याचं मोजमाप सुधारलं, आणि एनएडीएच या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या एका रेणूमागे धरलेले ३ खाली येऊन अडीच झाले. परीक्षेत कोणता आकडा लिहायचा ते तुमच्या शिक्षकांना विचारा, पण फरक का पडला हे समजून घ्या. तोंडी परीक्षेला मी हमखास विचारतो.

प्रात्यक्षिकांना दुय्यम समजू नका. १० मिलिमोलरच्या द्रावणापासून पाव मिलिमोलरचं २०० मायक्रोलिटर करायचं असेल तर ५ मायक्रोलिटर घ्यायचं आणि १९५ ची भर घालायची, हे हिशेबात सोपं आहे. पण पिपेटच्या टोकाला बाहेरून चिकटलेला थेंब पुसला नाही तर त्या ५ चे ६ होतात आणि तुमचा स्टँडर्ड कर्व्ह, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेली मोजमापाची रेषा, वाकडा येतो. हात बसायला वेळ लागतो. प्रत्येक नमुना दोनदा-तीनदा का मोजायचा हे अशाच एका वाकड्या रेषेवरून कळतं.

यावरून माझीच एक फजिती. नोकरीच्या सुरुवातीला एका प्रकल्पात मी जीवनसत्त्व क मोजत होतो. नमुने दुसऱ्या एका केंद्रातून आले होते. यंत्र उत्तम चाललं, कर्व्ह सरळ, पुनरावृत्ती अगदी जुळणारी. निष्कर्ष: जवळजवळ सगळ्यांचं क जीवनसत्त्व लिटरला ११ मायक्रोमोलच्या खाली, म्हणजे सरळसरळ कमतरता. मी आनंदाने तक्ता घेऊन वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी तक्ता बघितला आणि एवढंच विचारलं, “यांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं का रे?” कुणाच्याच येत नव्हतं. मग चौकशी केली. नमुने काढल्यावर त्यात क जीवनसत्त्व टिकवणारं मेटाफॉस्फोरिक आम्ल घातलंच नव्हतं आणि ते उणे ८० ऐवजी उणे २० अंशांवर कित्येक महिने पडून होते. क जीवनसत्त्व केव्हाच ऑक्सिडाइझ होऊन गेलं होतं. मी अत्यंत अचूकपणे काहीच मोजत नव्हतो. पूर्ण तुकडी फेकून द्यावी लागली. यंत्रातून आलेला आकडा माणसाशी ताडून बघायचा, ही सवय मला त्या दिवशी लागली.

आता ‘मॉलिक्युलर’ या शब्दाकडे. बरीच मुलं या शब्दामुळेच येतात. जनुकं तपासून प्रत्येकाला वेगळा आहार सांगायचा, हे त्यांच्या डोक्यात असतं. जनुकाचा आणि आहाराचा सरळ संबंध दाखवणारी उदाहरणं आहेत, आणि ती फार सुंदर आहेत. फेनिलकीटोन्यूरिया या जन्मजात आजाराचं उदाहरण पहिलं शिका. १९३४ साली नॉर्वेत आस्ब्यर्न फोलिंग यांनी दोन भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घातलं, अपेक्षित तांबूस रंगाऐवजी हिरवा आला, आणि तिथून फेनिलपायरुव्हिक आम्लाचा शोध लागला. फेनिलअ‍ॅलनिनचं टायरोसिन करणारं एन्झाइम चालत नाही. मागे काय साचतं, पुढे काय कमी पडतं, सगळं एका ओळीत. १९५० च्या दशकात फेनिलअ‍ॅलनिन कमी असलेला आहार देऊन बघितला गेला, १९६० च्या दशकात नवजात बाळांच्या रक्ताच्या थेंबावर रॉबर्ट गथ्री यांची चाचणी आली, आणि ज्या मुलांचा मेंदू कायमचा खुंटला असता ती शाळेत जाऊ लागली. या मुलांसाठी टायरोसिन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल ठरतं, म्हणजे ‘अत्यावश्यक’ ही यादीसुद्धा माणसागणिक बदलू शकते.

पण सगळी जनुकं अशी वागत नाहीत. एमटीएचएफआर या जनुकाचं उदाहरण घ्या, त्यातून फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वावर काम करणारं एन्झाइम बनतं. त्यात ६७७ व्या जागी एक अक्षर बदललं की एन्झाइममध्ये अ‍ॅलनिनच्या जागी व्हॅलिन येतं, एन्झाइम जरा कमकुवत होतं आणि आपलं कोएन्झाइम, म्हणजे ब२ पासून बनणारं एफएडी, लवकर सोडून देतं. दोन्ही प्रती अशा असतील आणि फोलेट कमी मिळत असेल, तर रक्तातलं होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढतं. फोलेट पुरेसं असेल तर फरक बराचसा झाकला जातो. म्हणजे जनुकाचा परिणाम काय, याचं उत्तर आहारावर अवलंबून! यातला बारकावा वगळून ‘तुमचं जनुक सदोष आहे, ही गोळी घ्या’ असं सांगणारा बाजार मोठा आहे. पदवी संपेपर्यंत असा अहवाल हातात घेऊन त्यातलं कोणतं वाक्य टिकतं आणि कोणतं नाही हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

इथे मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. बायोकेमिस्ट्री शिकलेल्या माणसाला एक खोड लागते: यंत्रणा पटली की गोष्ट खरी वाटू लागते. आकृतीतले बाण जुळले की आपण खूश. बीटा-कॅरोटीनने हा माज उतरवला. ते ऑक्सिडीकरण रोखतं, धूम्रपानाने ऑक्सिडीकरण वाढतं, ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग कमी आढळत होता. सगळे बाण एकाच दिशेने. मग फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना नाही, वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. लोकांचा विश्वास बसेना. दोन वर्षांनी अमेरिकेतली तशीच एक चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण तिथेही उलटाच परिणाम दिसत होता. रक्तातलं बीटा-कॅरोटीन बहुधा भाज्या-फळं खाणाऱ्या, एकूण वेगळं जगणाऱ्या माणसाची खूण होती. आणि धूम्रपानाने आधीच बिघडलेल्या फुफ्फुसात मोठ्या मात्रेत तोच रेणू वेगळा वागतो.

उलटही घडतं. बेरीबेरीच्या बाबतीत जावामध्ये डच वैद्य आयकमन यांनी कोंबड्यांवर पाहिलेलं अचूक होतं: कोंडा काढलेला पांढरा तांदूळ खाल्ला की पाय लुळे पडतात, कोंडा दिला की बऱ्या होतात. पण त्यांचा तर्क असा की पिष्टात काहीतरी विषारी आहे आणि कोंडा त्याला उतारा. ‘काहीतरी कमी पडतंय’ हे त्यांचे सहकारी ख्राइन्स यांनी १९०१ मध्ये मांडलं. निरीक्षण बरोबर, यंत्रणा चूक, तरी १९२९ चं नोबेल आयकमन यांना मिळालं आणि ते रास्तच होतं. त्यामुळे जर्नल क्लबमध्ये शोधनिबंध वाचताना दोन रकाने करा. एकात ‘हे कसं घडत असेल’, दुसऱ्यात ‘हे घडतं याचा पुरावा काय’. पेशींवरचा प्रयोग, उंदरावरचा प्रयोग, लोकांचं निरीक्षण आणि चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी हे एकाच तागडीत तोलायचे नाहीत.

पोषणाच्या संशोधनाची आणखी एक पंचाईत म्हणजे माणूस काय खातो हे कळत नाही. विचारलं तर कमी सांगतो, मुद्दाम नाही, पण सांगतो. हे कळलं ते दुहेरी खुणेच्या पाण्याच्या पद्धतीमुळे. ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८ (हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड समस्थानिक) असलेलं पाणी प्यायला द्यायचं. ड्युटेरियम फक्त पाण्यावाटे बाहेर जातं, ऑक्सिजन-१८ पाण्यावाटे आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या घटण्यातला फरक म्हणजे माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड, त्यावरून खर्च झालेली ऊर्जा. ही मोजली तेव्हा लोकांनी वहीत लिहिलेला आहार तिच्यापेक्षा बराच कमी निघाला. मला या पद्धतीची गंमत अजून वाटते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय निवडताना मोजमापाच्या पद्धतीवरचा विषय मिळाला तर सोडू नका, दिसायला रूक्ष असला तरी.

आहारतज्ज्ञ होण्याबद्दल: फक्त या पदवीवर बहुतेक देशांत होता येत नाही. रुग्णांना आहारोपचार द्यायला वेगळं मान्यताप्राप्त शिक्षण, रुग्णालयातली उमेदवारी आणि नोंदणी लागते. ब्रिटनसारख्या देशात ‘डायटिशियन’ हे नाव कायद्याने राखीव आहे, ‘न्यूट्रिशनिस्ट’ नाही. तुमचं मन रुग्णांशी बोलण्यात असेल तर त्या अभ्यासक्रमाच्या अटी आजच वाचा, तिसऱ्या वर्षी नको. या पदवीनंतर लोक जातात ते संशोधनाकडे, रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री प्रयोगशाळेकडे, औषध आणि खाद्य उद्योगातल्या संशोधन-विभागाकडे, नियामक संस्थांकडे, काही विज्ञानलेखनाकडे. काहीजण पुढे वैद्यकाला. प्रयोगशाळेत उभं राहणं अजिबात आवडत नसेल तर मात्र प्रवेश घेण्यापूर्वी विचार करा.

राहिलं सुट्टीत काय वाचायचं ते. जाड पुस्तक उघडू नका. एक मोठा कागद घ्या, त्यावर यकृत, स्नायू, मेदपेशी आणि मेंदू अशा चार चौकटी काढा. एका बाजूला जेवणानंतरचे दोन तास, दुसऱ्या बाजूला उपवासाचा दुसरा दिवस. ग्लुकोज, मेदाम्लं, अमिनो आम्लं आणि कीटोन (मेदापासून यकृतात बनणारं पर्यायी इंधन) यांचे बाण काढा: कोण देतंय, कोण घेतंय. यकृतातलं ग्लायकोजेन साधारण १०० ग्रॅम, एका दिवसात संपत आलेलं. स्नायूत त्याच्या चौपट आहे, पण रक्तात ग्लुकोज सोडायला लागणारं एन्झाइम स्नायूत नाही, तेव्हा तिथून बाण काढू नका. मेदपेशीत किलोंनी मेद आहे, मग त्याचंच ग्लुकोज का करत नाही? इथे बहुतेकांचा कागद अडतो. पायरुव्हेट डिहायड्रोजनेजचा तो दरवाजा आठवा: तो एकाच बाजूने उघडतो, असिटाइल कोए परत पायरुव्हेट होत नाही. मेदातलं थोडंसं ग्लिसरॉल सोडलं तर ग्लुकोजसाठी मुख्य कच्चा माल स्नायूंच्या प्रथिनांतून काढावा लागतो, आणि म्हणूनच लांबलेल्या उपासमारीत मेंदू हळूहळू कीटोनवर वळतो. हे सगळं एका कागदावर बसवा, पेन्सिलीने. पहिल्या सहामाहीत तो तीनदा तरी खोडावा लागेल.